पोर्टेबल मशीनचा '२' नंबर म्हणजे घरच्या मशीनचे २ लिटरच का? आप्पांना जोतिबाला न्यायचंय

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही असं वाटतंय.

आमचे आप्पा, वय ७१, सीओपीडी आहे, म्हणजे दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार. आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण तरुणपणापासून पंचवीस-तीस हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसून चिपाडं ढकलली, त्या धुरानंच छाती गेली असं डॉक्टर म्हणतात. दीड वर्षापासून घरी ऑक्सिजन चालू आहे. ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन आहे, २०२१ ला कोविडमध्ये चुलत्यांसाठी घेतलेलं, ते बरे झाल्यावर माळ्यावर पडून होतं, तेच आप्पांना लावलं. डॉक्टरांनी सांगितलंय २ लिटरवर ठेवायचं आणि दिवसातले किमान १५ तास तरी लावायचं. नाकात कॅन्युला, म्हणजे ऑक्सिजनची बारीक नळी, लावून आप्पा दिवसभर सोप्यात बसून असतात, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९०-९१ टक्के असतं.

आता आप्पांनी धरून बसलंय की एकदा जोतिबाचं दर्शन घ्यायचं. दोन वर्षं डोंगरावर गेलेले नाहीत आणि त्याआधी एकही वर्ष चुकलं नव्हतं. रोज संध्याकाळी तोच विषय, आणि डोळ्यात पाणी आणून बोलतात, त्यामुळं मला नाही म्हणवत नाही.

म्हणून बॅगेत घालून खांद्याला लावायचं छोटं पोर्टेबल मशीन भाड्यानं आणलं. दुकानदार म्हणाला यात १ ते ५ नंबर आहेत, तुमचं घरी २ लिटर आहे ना, मग यावर २ लावा, सारखंच. लावलं. बसून ठीक होतं, पण अंगणात दोन फेऱ्या मारल्या तर सॅच्युरेशन ८३. घाबरून परत घरच्या मशीनला लावलं. आणि एक गोष्ट बघितली की हे मशीन सारखं वारं सोडत नाही, आप्पांनी श्वास घेतला की 'फुस्स' करून एकदाच सोडतं आणि गप्प बसतं. मग मशीन खराब आहे का? का असंच असतं? का ५ नंबर लावू?

अजून एक विचारायचं होतं, रात्री आप्पांना दम लागतो म्हणून आई गेले महिनाभर मशीन ४-५ लिटरवर करून झोपते, जास्त मिळालं तर बरंच आहे ना असं तिचं म्हणणं. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणतात आणि दहा वाजेपर्यंत पेंगत असतात, पण ते वयानं असेल. लाईट बिल मात्र वाढलंय. रात्री ५ वर ठेवलं तर मशीनवर लोड येतो का?

बायोमेडिकल_इंजी

दादा मशीन खराब नाही, ते तसंच चालतं. त्याला पल्स मोड म्हणतात. मी हॉस्पिटलच्या मशीनरीच्या मेंटेनन्समध्ये आहे, हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी येतो आणि दर वेळी दुकानदारानं 'सारखंच' सांगितलेलं असतं. सारखं नाही. सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

घरचं मशीन काय करतं, २ लिटरवर ठेवलं की मिनिटाला २ लिटर सोडत राहतं, माणूस श्वास घेऊ दे नाहीतर सोडू दे, त्याला काही फरक पडत नाही. आता हिशोब बघा. आप्पा मिनिटाला २० श्वास घेतात असं धरा, म्हणजे एक श्वास ३ सेकंदांचा, त्यात आत ओढायला साधारण १ सेकंद आणि बाहेर सोडायला २. मिनिटाला २ लिटर म्हणजे सेकंदाला ३३ मिली. म्हणजे आप्पांच्या वाट्याला एका श्वासाला जेमतेम ३३ मिली येतो, बाकीचे ६६ मिली ते श्वास सोडत असताना खोलीत जातात. त्या ३३ मधला पण शेवटचा भाग फुप्फुसाच्या खालपर्यंत पोचतच नाही, नाक-घसा-श्वासनळीतच राहतो आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर परत येतो, कारण त्या नळ्यांचीच जागा मोठ्या माणसात दीडशे मिलीच्या आसपास असते आणि तिथं रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. म्हणजे खऱ्या कामाचा ऑक्सिजन कोणता, तर श्वास सुरू झाल्या झाल्या जो आत गेला तो.

पल्स मशीन नेमकं हेच पकडतं. कॅन्युलातून नाकातला दाब मोजणारा सेन्सर असतो, श्वास ओढायला लागलं की किंचित ओढ निर्माण होते, ती सेन्सरला कळली की सोलेनॉइड वाल्व, म्हणजे विजेवर चालणारी झडप, क्षणभर उघडतो आणि ठरलेला झोत सोडून बंद होतो. वाया काही जात नाही, म्हणून एवढ्याशा बॅटरीवर आणि एवढ्याशा मशीनमध्ये काम भागतं. नाहीतर खांद्यावरच्या मशीनची ताकद काय, त्यातली बरीचशी मिनिटाला एक लिटरच्या आसपासच ऑक्सिजन बनवतात, सगळ्यात वरच्या नंबरवर सुद्धा.

आता मेन मुद्दा. त्यावरचा २ म्हणजे लिटर नाही. ती नुसती पायरी आहे, फॅनच्या रेग्युलेटरसारखी. एका कंपनीच्या २ मध्ये एका श्वासाला किती मिली येतं आणि दुसऱ्या कंपनीच्या २ मध्ये किती, हे वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये तक्त्यात दिलेलं असतं, दुकानदाराकडून मागून घ्या. आणि दुसरा प्रकार असा की बरीच छोटी मशीन मिनिटाचा कोटा ठरवून चालतात. उदाहरण म्हणून समजा २ नंबरवर मिनिटाचा कोटा ४२० मिली आहे. आप्पा बसलेत, २० श्वास, एका श्वासाला २१ मिली. आप्पा चालायला लागले, श्वास ३० झाले, तेवढेच ४२० मिली ३० जणांत वाटायचे, एका श्वासाला १४ मिली. म्हणजे जेव्हा जास्त पाहिजे तेव्हाच कमी मिळालं. तुमच्या अंगणातल्या ८३ चं कारण मला तरी हेच दिसतंय.

मग ५ लावू का, तर स्वतःच्या मनानं नको. मशीन घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर कॉरिडॉरमध्ये चालवून बघा, बसून कोणता नंबर, चालताना कोणता, जिन्यावर कोणता, हे बोटाला ऑक्सिमीटर लावून ठरतं. नंबर माणसावर बसवायचा असतो, दुसरा मार्ग नाही.

पल्स मशीनची बाकीची पथ्यं पटापट: पाण्याची बाटली जोडायची नाही, तिच्यातून श्वासाची ओढ सेन्सरपर्यंत पोचत नाही. नळी लांब लावायची नाही, साधारण सात फुटांची चालते, मॅन्युअलमध्ये असेल तेवढीच. तोंडानं श्वास घेत असतील तर सेन्सर फसतो. झोपेत श्वास उथळ होतो, मग ट्रिगरच होत नाही, त्यामुळं रात्री पल्सवर ठेवायचं तर आधी डॉक्टरांना विचारून, झोपेतलं सॅच्युरेशन तपासून.

आणि तुमचं घरचं मशीन. चार वर्षं झाली, त्यातली बरीचशी माळ्यावर? आतमध्ये झिओलाइट असतं, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं म्हणून ऑक्सिजन वेगळा होतो. त्या झिओलाइटला ओलावा चालत नाही आणि आपल्याकडचे दोन-तीन पावसाळे बंद मशीननं काढलेत. नवीन मशीन ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धता देतं, ३ टक्के इकडं-तिकडं. तुमचं किती देतंय ते ॲनालायझर, म्हणजे ऑक्सिजनचे टक्के मोजायचं यंत्र, लावल्याशिवाय कळणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे, तपासून घ्याच.

आयसीयू_सिस्टर

फुलेवाडीकर दादा, पोर्टेबल मशीनचं नंतर बघू, आधी आजच्या आज हे वाचा. मी पंधरा वर्षं आयसीयूत काढलीत म्हणून बोलते.

आईंना सांगा रात्रीचं ४-५ लिटर आजपासून बंद, डॉक्टरांनी सांगितलेल्या २ लिटरवर या आणि उद्या सकाळी आप्पांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. सकाळी डोकं दुखणं आणि दहा वाजेपर्यंत पेंगणं हे वयानं नाही वाटत मला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर नेमकं हेच होतं. आप्पांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा, पंजे पंखासारखे फडफडतायत का बघा. बोलण्यात गोंधळ आहे का, दिवस-वार विसरतात का, हाक मारल्यावर लगेच उठत नाहीत का. यातलं काही असेल तर उद्याची सकाळ सुद्धा नको, आताच ॲडमिट करायला न्या. नेताना ऑक्सिजन एकदम काढून टाकायचा नाही हां, ते पण तितकंच वाईट, २ वर चालू ठेवून न्यायचं.

लोकांना वाटतं ऑक्सिजन म्हणजे ताकदीचं सलाइन, जास्त गेलं तर चांगलंच. ऑक्सिजन औषध आहे, त्याला डोस आहे. ज्यांची फुप्फुसं चांगली आहेत त्यांचं टार्गेट ९४ ते ९८ असतं, पण सीओपीडीच्या पेशंटला, ज्यांना सीओटू साठायचा धोका आहे, त्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं. आप्पांचं ९०-९१ आहे म्हणजे अगदी बरोबर जागेवर आहे. रात्री ५ लिटरवर ते ९७ वगैरे जात असणार आणि आईंना वाटत असेल किती छान आकडा आलाय.

असं का होतं ते सांगते. आधी आम्हाला शिकवायचे की या पेशंटची श्वास घ्यायची ओढ ऑक्सिजन कमी असल्यावर टिकून असते, जास्त दिला की ओढ कमी होते. ते थोडंफार खरं, पण सगळं तेवढंच नाही. फुप्फुसाचा जो भाग खराब झालाय तिकडच्या रक्तवाहिन्या शरीरानं आवळून रक्त चांगल्या भागाकडं वळवलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त परत खराब भागात जातं आणि तिथं सीओटू बाहेर पडत नाही. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्यानं धरलेला सीओटू ते सोडून देतं, तोही रक्तात मिसळतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं जातात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्समधल्या ४०५ पेशंटवर अभ्यास झाला होता, २०१० ला छापून आला, एका गटाला नेहमीसारखा मास्कनं भरपूर ऑक्सिजन आणि दुसऱ्या गटाला ८८-९२ धरून मोजून. मोजून दिलेल्यांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी झाले. नुसता नॉब कमी फिरवून! मला हे वाचल्यापासून वॉर्डात फ्लोमीटरकडं बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

डॉक्टरांना एबीजी करायला सांगा, मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात, जरा दुखतं, पण बोटावरचं ऑक्सिमीटर सीओटू दाखवत नाही, तो तिथंच कळतो. रात्री दम का लागतो याचं पण कारण शोधायला हवं, सूज आहे का, हृदयाचं काही आहे का, इनहेलर बरोबर ओढतात का. ऑक्सिजन हे दम लागण्याचं औषध नाही, कमी पडलेल्या ऑक्सिजनचं औषध आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईंना रागावू नका, त्यांनी प्रेमानंच केलंय.

फुलेवाडीकर

सिस्टरताई हात जोडतो. आत्ताच आईला सांगून २ वर केलं. पंजे फडफडत नाहीत, बोलणं व्यवस्थित आहे, आज कोणता वार ते बरोबर सांगितलं. सकाळी पहिल्या नंबरला जातोय. आई रडायला लागली, तिला तुमचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं.

उद्यमनगरचा_फिटर

आप्पांना बरं वाटू दे भावा, मी पण जोतिबाला साकडं घालतो.

डॉक्टरकीचं मला कळत न्हाई पण वाल्व-रेग्युलेटरचं काम तीस वर्षं करतोय, तर माझ्याकडनं थोडं. हे श्वास ओढल्यावरच गॅस सोडायचं डोकं लई जुनं हाय बगा. पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या टाकीला जो रेग्युलेटर असतो त्यात हेच. फ्रान्समधे १९४३ च्या सुमारास कुस्तो आणि गान्यां या दोघांनी तो बनवला, त्यातला गान्यां हा इंजिनिअर, आणि महायुद्धात पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाड्या लाकडाच्या गॅसवर चालवायचे, त्या इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडायचा वाल्व त्यानं बनवला होता, तोच पुढं माणसाच्या श्वासाला लावला. इंजिन ओढतंय आणि माणूस ओढतोय, पडद्याला दोन्ही सारखंच. मला हे वाचल्यावर लई भारी वाटलं होतं.

आता कामाचं. घरात सिलिंडर बॅकअपला ठेवणार असाल तर रेग्युलेटरला, वाल्वला, चावीला तेल-ग्रीसचा हात लावायचा न्हाई. आपल्याकडं जाम झालं की आधी तेल सोडायची सवय. भरलेल्या सिलिंडरमधे दीडशे किलोचा दाब असतो, शुद्ध ऑक्सिजनमधे तेलाला ठिणगी लागायची सुद्धा गरज पडत न्हाई, दाबानं गरम होऊनच पेट घेतं. वाल्व हळूहळू उघडायचा, झटका न्हाई द्यायचा, आणि तोंड रेग्युलेटरसमोर न्हाई ठेवायचं.

फ्लोमीटर, ज्याला दुकानात एफए वाल्व म्हणतात, त्यातला गोळा असतो त्याच्या मध्यावर आकडा वाचायचा, वर न्हाई खाली न्हाई. काचेची नळी उभी पाहिजे, सिलिंडर आडवा टाकून गोळा बघितला तर आकडा खोटा येतो. आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण आट्यावर नीट बसलं नसलं की गोळा २ वर दिसतो पण ऑक्सिजन झाकणातनं बाहेर जातो. बुडबुडे येतात का बघायचं, कॅन्युलाचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बघायचं, तिथं बुडबुडे आले म्हणजे माणसापर्यंत पोचतंय.

आणि एक हात जोडून सांगतो, शिरोलीत वेल्डिंगचा ऑक्सिजन स्वस्त मिळतो म्हणून तो भरून आणू नका. गॅस एकच असला तरी तो सिलिंडर कुठं कुठं फिरला, आत काय गेलं याची कोण खात्री देत न्हाई. २०२१ ला लोकांचा नाइलाज होता, आता न्हाई.

पंचगंगाकाठ

माझ्या सासूबाईंना घरी ऑक्सिजन होता, चुलीच्या धुराचीच छाती, त्यामुळं हा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत आहात म्हणून पावसाळ्याचं सांगते. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या भागात पुराचं पाणी आलं, लाईट गेली ती काही दिवस आलीच नाही, शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणजे सिलिंडरची गाडी सुद्धा येणार कुठून. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका, सगळे तेव्हा सामान वर टाकायला लागतात. आम्ही नंतर घरात नियम केला की ३९ च्या बातमीलाच सासूबाईंना आणि मशीनला राजारामपुरीत नणंदेकडं हलवायचं, ४३ ची वाट बघायची नाही.

बॅकअपचा हिशोब असा. बी टाइप सिलिंडर, तो कमरेपर्यंत येणारा, त्यात १५०० लिटर ऑक्सिजन. २ लिटरवर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. मोठा डी टाइप ७००० लिटर, दोन दिवसांच्या वर जातो पण तो हलवायला दोन माणसं लागतात. काटा अर्ध्यावर आला म्हणजे तास पण अर्धे. आम्ही भिंतीवर पाटी लावली होती, कोणी पण बघून सांगू शकेल अशी. इन्व्हर्टरवर फार भिस्त ठेवू नका, ५ लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, १५० एएच च्या एका बॅटरीवर तीन तास गेले तरी नशीब, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच पाहिजे.

अजून एक, देवघर. आमच्याकडं सासूबाई कॅन्युला लावूनच दिव्याला वात घालायला बसायच्या, काळजाचं पाणी व्हायचं. दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून चांगलं दहा फूट लांब. साडीच्या पदरात, गोधडीत ऑक्सिजन भरून राहतो, मशीन बंद केल्यावर लगेच पण जवळ जायचं नाही. नाक कोरडं पडलं की खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावतात तेही नको, पाण्यात विरघळणारं जेल मिळतं ते लावा. आम्ही शेवटी सासूबाईंना बॅटरीची दिवली आणून दिली, आधी रुसल्या, मग रोज तीच लावायच्या.

फुलेवाडीकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

सिस्टरताईंचं बरोबर निघालं. एबीजी केला, सीओटू ५८ आला, नॉर्मल ३५ ते ४५ असतो म्हणे. डॉक्टर म्हणाले अजून महिनाभर असंच चाललं असतं तर बेशुद्ध अवस्थेत आणावं लागलं असतं. चार दिवस ॲडमिट ठेवलं, रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, लावलं, पायावर सूज होती त्याच्या गोळ्या दिल्या. इनहेलर पण आप्पा चुकीचाच ओढत होते, दाबायचे आधी आणि ओढायचे नंतर, आता स्पेसर, म्हणजे इनहेलरच्या पुढं बसवायची प्लास्टिकची नळकांडी, लावून देतो. घरी आल्यावर बसून आणि झोपेत १ लिटर, चालताना २, असं कागदावर लिहून दिलंय. मशीनच्या नॉबवर आईनं स्वतःच लाल टिकली चिकटवली १ च्या जागी. पहिल्या आठवड्यातच सकाळचं डोकं दुखणं थांबलं. परवा परत एबीजी केला, सीओटू ४९.

बायोमेडिकल दादा, मशीन पण तपासून घेतलं. १ लिटरला ९१ टक्के, २ ला ९०, आणि ५ ला ७८. म्हणजे आई ५ वर करायची तेव्हा मशीन बिचारं धापा टाकत होतं. मागची जाळी काढून धुतली, मुठीएवढा धुरळा निघाला, आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं ते फूटभर पुढं घेतलं.

आता जोतिबाचं. डॉक्टरांसमोर भाड्याचं मशीन लावून चालवलं. २ नंबरवर बसून ९१, कॉरिडॉरमध्ये चालल्यावर ८४. ३ वर ८७. ४ वर ८९ टिकलं. जिना मात्र ४ वर पण झेपला नाही, एक मजला चढल्यावर ८५ आणि श्वास ३४. बायोमेडिकल दादांचा कोट्याचा हिशोब डोळ्यांनी बघितला. डॉक्टर म्हणाले गाडीत आणि सपाटीवर हे मशीन ४ वर, पायऱ्यांना छोटा ॲल्युमिनियमचा सिलिंडर घेऊन सलग २ लिटर. तो सिलिंडर १.७ लिटरचा, दाब १४०, गुणाकार केला २३८ लिटर, २ लिटरवर दोन तासांच्या थोडं आत. आम्ही दीड तासच धरून चाललो.

रविवार आणि पौर्णिमा टाळून मंगळवारी पहाटे निघालो. गुलालाची मला सगळ्यात जास्त भीती होती, आप्पांच्या छातीला पण आणि मशीनच्या जाळीला पण, म्हणून गर्दी नसताना गेलो आणि आप्पांच्या तोंडाला मास्क, त्याच्या आतून कॅन्युला. जाताना पायऱ्या उतारच असतो, प्रश्न येताना. मी आणि धाकट्या भावानं खुर्ची सोबत नेली होती पण आप्पा खुर्चीत बसायला तयार नाहीत, देवाच्या दारात पायानं जाणार म्हणाले. पुजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी गुलाल उधळला नाही, कागदाच्या पुडीत बांधून हातात दिला. आप्पांनी दोन्ही हात जोडून चांगभलं म्हणताना आवाज फुटला त्यांचा, मला वाटलं दम लागला म्हणून मी पटकन बोटाला ऑक्सिमीटर लावलं, ९० होतं.

वर येताना तीन ठिकाणी खुर्ची मांडून बसवलं. सगळ्यात कमी ८६ झालं, दोन मिनिटांत परत ९०. गाडीत बसलो तेव्हा सिलिंडरचा काटा ६० वर होता.

आयसीयू_सिस्टर

वाचून डोळे भरून आले दादा. आईंच्या लाल टिकलीचा फोटो मी आमच्या वॉर्डात दाखवणार आहे, टाकाल का इथं? आणि दर तीन महिन्यांनी एबीजी चुकवू नका, थंडीत तर नाहीच. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली नसेल तर पावसाळ्याआधी विचारा.

बायोमेडिकल_इंजी

५ ला ७८ म्हणजे झिओलाइट थकलंय, पण आप्पांना लागतंय १-२ लिटर आणि तिथं ९०-९१ आहे, म्हणजे आजचं भागतंय. सहा महिन्यांनी परत ॲनालायझर लावा, २ लिटरला ८५ च्या खाली आलं की बदलायचं. जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा, ओली बसवू नका. आणि पंचगंगाकाठ ताई म्हणतात तसा बी टाइप एक भरून ठेवाच, जूनच्या आधी.

फुलेवाडीकर

सिस्टरताई, फोटो आई उद्या सकाळच्या उजेडात काढू म्हणतेय. लस विचारतो. बी टाइप सिलिंडर कालच आणला, देवघर सोडून पलीकडच्या खोलीत साखळीनं खिडकीला बांधलाय, पाटी आप्पा स्वतः लिहितायत, १ लिटरवर २५ तास, २ लिटरवर साडेबारा.